मौनीबाबा आणि माझ्या मारुतीचं चौथं दार

"उघडलं! उघडलं! गाडीनं आपणहून दार उघडलं!"

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत हा गलका उठला तेव्हा मी तोंडाला दाढीचा साबण फासून आरशासमोर उभा होतो. समोरच्या रुपचंदशेठकडे मौनीबाबांची पाद्यपूजा होती, म्हणून सकाळपासून ढोल बडवणं चाललं होतं. त्या दणक्यानं दाराबाहेरची माझी मारुती कुंई कुंई करत बोंबलू लागली होती. त्यात नवल काही नव्हतं. गाडीला अलार्म होता आणि तो मी स्वतःच्या हातानं बसवला होता. मी रिमोट शोधू लागलो, पण कुठल्या पँटच्या खिशात राहिला ते आठवेना. तेवढ्यात गाडी एकदम गप्प झाली आणि तिच्या दारांनी खटाखट आवाज केला.

मी तसाच टॉवेलवर बाहेर धावलो. दोनएकशे माणसं माझ्या गाडीला हात जोडून उभी होती. मौनीबाबा पुढं, उजवा हात उंच केलेला. शेजारचे तोतारामनाना धापा टाकत माझ्याकडे आले आणि त्यांच्या अहिराणीत सांगू लागले.

"सर, दखा! बाबांनी हात वर कया अन् तुम्हनी गाडी गप व्हयनी! दारं बी उघडी व्हयनी!"

बाबांचं नाव मौनी असलं तरी त्यांना बोलताना थांबवणं कुणाला जमलेलं नव्हतं. "वाहन में भी जीव होता है, बच्चा," ते म्हणाले. "ही गाडी सात जन्म माझी वाट पाहत होती. आज तिला दर्शन झालं, म्हणून तिचं रडणं थांबलं."

गाडीचा हा दुसराच जन्म होता. पहिल्या जन्मी ती भुसावळच्या एका वकिलाकडे होती. पण साबण लावलेल्या, टॉवेलवरच्या माणसाचं म्हणणं गर्दी ऐकून घेत नाही.

आता मी कोण ते सांगतो. मी लीलाधर. कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन नारळातून जाळ काढून दाखवतो, म्हणजे बुवाबाजीचं पितळ उघडं पाडतो. शहाण्णव साली मी ही जुनी मारुती घेतली. तिला सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म हवा असं मनात आलं, म्हणून धुळ्याला आग्रा रोडवर जहांगीरभाईच्या दुकानात गेलो. जहांगीरभाई म्हणाले, "सर, इथंच फिट करून घ्या. बसवताना रिमोटचा नंबर..." मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "भाई, मी विद्युतशास्त्र शिकवतो," असं म्हणून खोकं काखेत मारलं आणि निघालो. सोबत मिळालेला सूचनांचा कागद मी वाचला नाही. असले कागद फिजिक्स न शिकलेल्यांसाठी असतात, असं माझं मत होतं.

पुढचे तीन रविवार आमच्या अंगणात काय चाललं होतं ते अख्ख्या कॉलनीनं पाहिलं. दारांचे आतले पत्रे निघाले, ते बसवणाऱ्या निम्म्या क्लिपा तुटल्या, हॉर्न दाबला की वायपर फिरू लागला. शेवटी सगळं जागेवर आलं. फक्त मागच्या डाव्या दाराच्या मोटरच्या दोन वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. बटण दाबलं की तीन दारं बंद व्हायची आणि चौथं उघडायचं. परत दाबलं की तीन उघडायची आणि चौथं बंद व्हायचं. म्हणजे गाडीला कुलूप लावलं की चोराला एक दार मोकळं. पण पुन्हा पत्रा काढायचा तर उरलेल्या क्लिपाही गेल्या असत्या. कुणी विचारलंच तर मी सांगत असे, "ते दार मुद्दाम तसं ठेवलंय." आमची कुंदा, म्हणजे माझी बायको, हे ऐकताना तोंडाला पदर लावायची.

या माझ्या चौथ्या दारानंच घात केला.

त्या पाद्यपूजेच्या सकाळी बाबांचा ड्रायव्हर हिलाल माझ्या गाडीची दारं ओढून पाहत होता. "बाबा, तीन उघडली. हे चौथं घट्ट बंद झालं."

बाबांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ते दार कुठल्या घराकडे आहे तेही त्यांना दिसलं. "चौथ्या दाराशी कुणीतरी अडून बसलंय. या दारासमोर घर कुणाचं?"

घर तोतारामनानांचं होतं. त्यांच्या लेकीला, सुनंदाला, फिट्सचा आजार आहे हे कॉलनीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि हिलाल सकाळपासून कॉलनीतच चहा पीत बसला होता. बाबांनी पोरीला बोलावून घेतलं, कपाळावर अंगारा लावला आणि नानांना फर्मावलं, "डॉक्टरच्या गोळ्यांनी ती बाधा आत कोंडली आहे. गोळ्या अग्नीला द्या. पुढच्या गुरुवारी, मी स्वतः येईन तेव्हा."

सुनंदा तेव्हा अठरा वर्षांची, बारावीला. गोळ्या सुरू झाल्यापासून वर्षभरात तिला एकही झटका आलेला नव्हता. गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मी नानांचे हातपाय धरले. नाना म्हणाले, "सर, तुम्हनं बठ्ठं खरं शे. पन तुम्हनीच गाडीनी बाबाले दार उघडं करी दिनं ना? मी मना डोयाखाल दखं."

मग मी खुलासे करू लागलो. ओट्यावर उभा राहून कॉलनीला सांगितलं की हा अनुनाद आहे, ढोलाच्या कंपनांनी कुलपाचं सर्किट पूर्ण होतं. प्रयोगशाळेतून आणलेला ट्यूनिंग फोर्क बॉनेटवर टेकवला. काही झालं नाही. शेवटी ढोल मागवून मी स्वतः बडवला. गाडी जीव तोडून रडली, पण एकही दार हललं नाही. "पाहिलंत?" रुपचंदशेठ समाधानानं म्हणाले. "सर घामाघूम झाले तरी गाडी ऐकत नाही. बाबांनी नुसता हात वर केला होता." माझ्या प्रयोगानं बाबांची किंमत दुप्पट झाली. मला इतकी लाज वाटली की कॉलेजातही अनुनादाचा धडा मी पुढं ढकलला.

पुढचा गुरुवार आला. नानांच्या चोपड्याकडच्या शेतात भरीत पार्टी ठरली होती. आमच्याकडे थंडी पडली की शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळल्या काड्यांचा, जाळ करून त्यावर हिरवी वांगी भाजायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीशी खायची, ही रीतच आहे. या वेळी त्याच जाळात सुनंदाच्या गोळ्या जायच्या होत्या. सकाळची गोळी तर तिला दिलीच नव्हती. बाबांनी हुकूम सोडला होता की माझी मारुती शेतात आलीच पाहिजे आणि पोरीनं त्या चौथ्या दाराशी बसूनच यायचं, म्हणजे बाधा ढिली पडेल. नाना आणि त्यांची बायको बेबाबाई बाबांच्या सुमोतून पुढं गेले. आमच्या गाडीत मी, कुंदा आणि मागं चौथ्या दाराशी सुनंदा.

वाटेत मी तिला धीर देत होतो, म्हणजे पुन्हा अनुनादच समजावत होतो. ती मध्येच म्हणाली, "काका, एक विचारू? बाबांची गाडी पण डोळे मिचकावते ना?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी सगळे तुमच्या गाडीकडे बघत होते. मला भीती वाटत होती, म्हणून मी खिडकीतून त्यांच्या ड्रायव्हरकडेच बघत होते. त्यानं सुमोतून उतरून खिशात हात घातला. सुमोचे दिवे लागून विझले आणि लगेच तुमची गाडी गप्प झाली. बाबा जाताना परत तसंच. सुमोची दारं उघडली आणि तुमची लागली."

मी ब्रेक मारला. मागून येणारा केळीचा ट्रक शिव्या देत बाजूनं गेला.

जहांगीरभाईच्या काउंटरवर रिमोटांची एक टोपली असते. त्यातला कुठलाही रिमोट उचलून दाबा, भिंतीवर टांगलेली नमुन्याची मोटर हलते. गिऱ्हाइकाला पटकन दाखवता यावं म्हणून दुकानात सगळ्यांचा नंबर एकच ठेवायचा आणि गाडीत बसवताना बदलून द्यायचा, अशी त्यांची पद्धत. ते वाक्य मी त्यांना पुरं करू दिलं नव्हतं. मग बाबांच्या सुमोतला अलार्मही त्याच दुकानातला असला आणि त्याचाही नंबर बदलायचा राहिला असला तर?

"बोलू नका," कुंदा म्हणाली. "आधी करून बघा, मग बोला. तुम्ही नेहमी उलटं करता."

शेतात निंबाखाली सुमो उभी होती. मी माझी गाडी तिच्यापासून थोडी लांब लावली, बटण न दाबता दारं हातानंच बंद केली. जाळ पेटला होता, वांगी फुटत होती, माणसं गोल करून बसली होती. बेबाबाईंनी ताटात गोळ्यांच्या पट्ट्या मांडून आणल्या, त्यांवर हळद-कुंकू वाहिलेलं. बाबांनी हात वर केला. "पुत्री, अग्नी में डाल दे. आज तू मोकळी झालीस!"

मी खिशातल्या खिशात बटण दाबलं.

सुमोनं टुक टुक केलं, दिवे मिचकावले आणि तिची दारं खाड्कन उघडली.

सगळ्यांच्या माना सुमोकडे वळल्या. पण बाबा पुरे मुरलेले. "देखो! माझं वाहनही प्रसन्न झालं!"

"मग त्याला परत लावून घ्यायला सांगा, बाबा," मी म्हणालो. बाबांनी हिलालकडे पाहिलं. हिलालचा हात खिशाकडे गेला, त्याच्या आधीच मी दाबलं. दारं लागली. परत दाबलं, उघडली. मागून एक पागोटंवाला पुढं आला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं टेकवलं. "सरमा बी देव उना!"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आयुष्यभर मुलांना न्यूटन शिकवला, पण पायाला कुणाचं डोकं लागलं नव्हतं. कुंदानं कोपरानं ढोसलं तेव्हा भानावर आलो.

"उठा, दादा. देव नाही, हा रिमोट आहे." मी तो सुनंदाच्या हातात दिला. "बाबा, तुम्ही हात खाली ठेवा. ढोलही नको. हिलाल, तुझा रिमोट इथं जमिनीवर ठेव. सुनंदा, तुला वाटेल तेव्हा दाब."

तिनं दाबलं. दोन्ही गाड्या एकदम बोलल्या. तिनं पुन्हा दाबलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मग मी दोन्ही रिमोट उघडून शेजारी शेजारी धरले. आत बारीक बारीक खटक्यांची ओळ. ज्याच्या त्याच्या गाडीसाठी ते वेगवेगळे वर-खाली करायचे असतात. दोन्हीतले सगळे खटके एकाच बाजूला होते.

"माझा नंबर बदलायचा राहिला, कारण मी अतिशहाणा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दुकानदाराचं ऐकलं नाही, कागद वाचला नाही. हिलाल, तुमच्या सुमोचा का राहिला?"

हिलाल खाली बघत म्हणाला, "बाबा बोलले मुहूर्त टळतोय, गाडी लगेच काढ. जहांगीरभाई थांबा थांबा म्हणत होते." मग त्यानं पुढं सांगितलं, "पहिल्या दिवशी चुकून झालं, सर. मग बाबा बोलले, कुणाला सांगू नको."

"आणि ते चौथं दार?" रुपचंदशेठ अजून हटत नव्हते.

"त्याच्या वायरी मी उलट्या जोडल्यात. बाधा म्हणालात ती मीच." लोक हसले. हसू द्या म्हटलं. ट्यूनिंग फोर्कपेक्षा ते बरं.

पण नाना हसले नाहीत. त्यांची नजर ताटावर होती. "गाडीनं व्हयनं आसीन तसं," ते पुटपुटले, "पन बाबा गोयाबद्दल खोटं का बरं सांगतीन?"

गाडीचा चमत्कार संपला होता, पण गोळ्या अजून जाळाच्या काठावरच होत्या.

तेवढ्यात बेबाबाई सुमोकडून आल्या. दारं उघडीच होती, म्हणून त्या आपली पिशवी घ्यायला गेल्या होत्या. पिशवीबरोबर त्यांनी दाराच्या कप्प्यातून गोळ्यांच्या चार पट्ट्या आणल्या. "सर, ह्या कसान्या गोया शेतस?"

मी वाचलं. दोन रक्तदाबाच्या, दोन साखरेच्या.

"भक्तांसाठी ठेवतो आम्ही," बाबा घाईनं म्हणाले.

"नाही, आक्का," हिलाल म्हणाला. आता त्याला लपवायला काही उरलंच नव्हतं. "बाबांच्याच. सकाळ-संध्याकाळ मीच काढून देतो. एक चुकली तर शिव्या घालतात."

बेबाबाई बाबांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्हले गोया चालतस, अन् मनी पोरले नही?"

मौनीबाबा त्या दिवशी पहिल्यांदा नावाला जागले.

नानांनी ताट उचललं. पट्ट्यांवरचं हळद-कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं, एक गोळी काढली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली. सुनंदानं तांब्याभर पाणी घेऊन गोळी गिळली. त्या वेळी मला रडू आलं, आणि ते मी पऱ्हाट्यांच्या धुरावर ढकललं नाही.

वाचकहो, दार आपणहून उघडलं तर आधी जवळपासच्या माणसांचे हात कुठं आहेत ते बघा. सगळे एकीकडे बघत असतील तर तुम्ही दुसरीकडे बघा. खुलासा करणारा माझ्यासारखा मास्तर असेल तर त्यालाही म्हणा, आधी करून दाखव. आणि कुणी तुमच्या घरातल्या माणसाचं औषध बंद करायला सांगितलं, तर तो कफनीतला असो की पँट-शर्टातला, त्याला एवढंच विचारा: तुम्ही आजारी पडता तेव्हा काय घेता? तो उत्तर शोधत असेल तेवढ्यात आपली गोळी घेऊन मोकळे व्हा.