‘शनीच्या लेकी’ धार्मिक कपाटात

मी एक कादंबरी बोलतेय, आणि मी भयंकर चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुस्तकं गरीब स्वभावाची असतात असा माणसांचा उगाचच समज आहे. माझं नाव ‘शनीच्या लेकी’.

मला लिहिलं मैत्रीताईंनी. त्या आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरकडे शाळेत विज्ञान शिकवतात. बौद्ध घरातल्या. त्यांची आई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. आईच्या टोळीतल्या बायांच्या गप्पा ऐकताना ताईंच्या मनात आलं, यांना अंतराळात धाडलं तर? म्हणून माझ्या गोष्टीत त्या बाया शनीच्या कड्यांवर बर्फ फोडतात आणि पाणी कोणाचं यावरून ठेकेदाराशी भांडतात. माझी सखूबाई यान चालवते, तेही पदर खोचून.

ताई मला घेऊन एका मोठ्या शहरातल्या प्रकाशकाकडे गेल्या. प्रकाशकांनी चहा पिता पिता मला चाळलं आणि म्हणाले, “भाषा छान आहे हो, पण अंतराळ कशाला? तुम्ही तुमचं भोगलेलं लिहा. तेच चालतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंतराळात जायला काय जातीचा दाखला लागतो? शनीवर पाय न ठेवलेले पुरुष त्यावर खुशाल लिहितात, त्यांना नाही कोणी म्हणत की आधी जाऊन या! शेवटी ताईंनी मला स्वतःच छापलं आणि आदिलाबादच्या एका वाचनालयाला मोठ्या हौसेनं भेट दिलं.

तिथले ग्रंथपाल बाबाराव. माणूस वाईट नाही, पण पुस्तक उघडण्याचा आळस. मुखपृष्ठावर शनी दिसला, त्यांनी हात जोडले आणि मला सरळ धार्मिक कपाटात ठेवलं. एका बाजूला आरत्या, दुसऱ्या बाजूला व्रतवैकल्यं, मधे मी.

एका शनिवारी शनीचे भक्त महिपतबुवा मला घरी घेऊन गेले. मला पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्याच दिवशी मला परत आणून टेबलावर आपटलं.

“बाबाराव, हे काय देऊन राह्यले? शनिदेव कुठी हाय यात? बाया बर्फ फोडून राह्यल्या नुसत्या!”

“नावात शनी हाय ना? मंग राहू द्या,” बाबाराव म्हणाले, आणि मी पुन्हा त्याच कपाटात. तेव्हापासून मला कोणी हात लावला नाही.

मग परवा अर्पिता आली. शेजारच्या मावला गावची, बौद्ध घरातली कॉलेजातली पोर. मासिकासाठी ती मंगळावरच्या मुलीची गोष्ट लिहीत होती. कॉलेजच्या सरांनी हसून विचारलं होतं, तुमच्यातल्या कुठल्या बाईनं असलं लिहिलंय, एक तरी पुस्तक दाखव. ते एक पुस्तक शोधायला ती आली होती.

“काका, बाईनं लिहिलेली अंतराळाची कादंबरी हाय का? आमच्यातल्या बाईनं असंल तं लय बरं.”

“पोरी, बाया असलं नाई लिवत,” बाबाराव म्हणाले. त्यांची बोटं माझ्याच कपाटावर ताल धरत होती. “विज्ञानाचं कपाट पाह्य तिकडं.”

“ते समदं वाचलं मी. त्या यानांत एक तं बाई नसते, असली तं चहा आणते. असं काऊन?”

“मंग स्वयंपाकाचं ने. लय नवीन आलेत.”

ती कपाटांकडे वळली. एकेक कपाट उघडून पाहत माझ्याकडे आली. मी ओरडत होते, अगं इथे, इथे! तिनं वरची पाटी वाचली, ‘धार्मिक’. आरत्या-व्रतांशी तिच्या घरानं आजीच्या काळातच नातं तोडलेलं. त्या कपाटात तिचं काय असणार? तिनं दारसुद्धा उघडलं नाही. तिची काय चूक? चूक माझीही नव्हती. तरी मी तिथेच होते, आणि ती पुढे गेली.

“जाऊ द्या काका,” ती दारातून म्हणाली. “आमच्यात कोणी लिहिलंच नसंल. मी बी आजीच्या हालाचंच लिहिते मंग. सर तेच म्हणत होते.”

आजीचे हाल खरे आहेत, ते लिहावेतच. पण मंगळावरची ती मुलगी कोणी मारली? सरांनी, बाबारावांनी, की प्रकाशकानं? मला एकाचंही नाव घेता येत नाही, आणि म्हणूनच माझा संताप संताप होतो.

वाचणाऱ्या माणसा, कधी आदिलाबादला आलास तर त्या कपाटाचं दार उघड. मला बाहेर काढ आणि मावल्यात अर्पिताच्या हातात दे. तिला सांग, तू पहिली नाहीस. पण लवकर ये रे बाबा. तिनं आजीचं लिहायला घेतलंय.