सुलेखाबाईंचं पित्त

मी एक जुनी रबराची पिशवी आहे, मित्रांनो, गरम पाणी भरून शेकायची. रंग विटलेला, बूच जरा गळकं. पुण्यात सुलेखाबाईंच्या गुडघ्यांना मी वीस वर्षं शेक दिला. २००६ साली त्या हॅमिल्टनला मुलाकडे, हरीशकडे आल्या तेव्हा मीही सामानातून आले. तिथल्या थंडीत माझं फार कौतुक झालं. आता मला ते कौतुक आठवलं तरी नको वाटतं.

जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली आणि पाठीतून खांद्यापर्यंत गेली. उलटीही झाली.

"पित्त झालंय रे," त्या म्हणाल्या.

आपण सगळ्यालाच पित्त म्हणतो. हरीशने दवाखान्यात फोन करून नर्सला सांगितलं, आईला ॲसिडिटी आहे. कुठे दुखतंय ते त्याने सांगितलंच नाही. गोळ्या आल्या, मला पोटावर ठेवलं. जरा बरं वाटलं.

मग सर्वांगाला खाज सुटली. अंगावर पित्त उठलं म्हणून सुनेने, प्रणिताने, आमसुलाचं पाणी लावलं. खरं तर अंगावर एकही गांध नव्हती. लघवी काळ्या चहासारखी आणि शौचाला पांढुरकं होतंय, हे त्यांनी फोनवर बहिणीला सांगितलं, पण मुलाजवळ असलं बोलायची लाज वाटली. डोळे पिवळे झाले होते. हरीश आणि प्रणिता अंधारात कामाला निघत आणि अंधारातच परतत. दिव्याच्या उजेडात त्यांना ते कळलं नाही.

चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तरी आधी मलाच भरलं. त्यांचं अंग माझ्यापेक्षा तापलं तेव्हा कुठे ॲम्ब्युलन्स बोलावली. पित्ताशयातला खडा सरकून पित्ताच्या नळीत अडकला होता. डॉक्टरांनी तो काढला, पण तोवर जंतू रक्तात पसरले होते. दोन दिवसांनी सुलेखाबाई गेल्या.

घरी आल्यावर हरीश प्रणिताला म्हणाला, "आई बरोबर सांगत होती गं. पित्तच होतं. मीच ॲसिडिटी म्हणालो."

मित्रांनो, उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, लघवी गडद होत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, तर माणसाला घेऊन तडक हॉस्पिटल गाठा. लाजू नका, सगळं सांगा. माझ्याकडे फक्त ऊब आहे. त्या उबेने त्यांना चार दिवस बरं वाटत राहिलं, आणि तेच चार दिवस त्यांच्या हाती होते.