राखणदाराचा नारळ

१९३४ साली मी मुंबईहून मोटारसायकल गावी आणली. उन्हाळ्यात जेवढ्या पेट्रोलात रत्नागिरीला जाऊन-येऊन व्हायचं, तेवढं पौषातल्या थंडीत परतीच्या वाटेवरच संपायला लागलं.

चुलते आप्पा नारळ घेऊनच आले. "शिवेवरच्या राखणदाराला नारळ दिला नाहीस. तोच पितो तुझं पेट्रोल!"

मी भडकलो. "तुमची खोबरेलाची बाटली बघा, थंडीनं थिजलीय! इंजिनातलं तेलही तसंच घट्ट होतं. गार इंजिन तापेपर्यंत पेट्रोल जास्तच खातं. नारळ नाही देणार!"

"मेल्या, राखणदाराला नावं ठेवतोस?"

"नावं तुम्ही ठेवताय, आप्पा! गाव राखणाऱ्यालाच पेट्रोलचोर ठरवलंत!"

मी किक मारली. आप्पांचा नारळ हातातच राहिला.