झडप का पडते

गाडीतली उन्हाची झडप पडली आणि घरात रामायण सुरू झालं.

झडप म्हणजे ती हो, ड्रायव्हरच्या डोक्यावर काचेला लागून असते, ऊन आलं की खाली ओढायची. शोरूमवाले तिला व्हायझर म्हणतात, बाबा झडप म्हणायचे. तर बाबांच्या म्हणण्याप्रमाणे, शाळेहून येताना चौकात ती धाडकन खाली आली. समोरचं दिसेना म्हणून त्यांनी करकचून ब्रेक मारला. मागे बसलेल्या नातीचं, भिंगरीचं, कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, आणि एक ट्रक हॉर्न बोंबलत नाकासमोरून निघून गेला. नातीच्या कपाळावर चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. ते उतरलं, पण तिच्या आईचा, म्हणजे बाबांच्या लेकीचा, पारा काही उतरेना.

"ती झडप नीट होत नाही तोवर भिंगरी तुमच्या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली.

बाबांना हे फार लागलं. लागणारच. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या दुपारच्या फेरीभोवती फिरत होता. जेवण झालं की दाढी, इस्त्रीचा शर्ट, गाडीच्या काचांवर फडकं, आणि शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकाशी हजर. नातीची बडबड ऐकत घरी यायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. तेही गेलं तर माणसाने दिवसभर करायचं काय, भिंतीशी गप्पा मारायच्या?

आणि लेकीचीही अडचण होतीच. नवरा जहाजावर, घरी आला की पाहुण्यासारखा. ती स्वतः बॅगा दुरुस्त करायच्या दुकानात कामाला. दुपारी दुकानात गर्दी असते, मालकाच्या विनवण्या करून ती किती दिवस शाळेत जाणार? तेव्हा झडप दुरुस्त होणं दोघांनाही हवं होतं, लवकर हवं होतं, आणि स्वस्तात हवं होतं.

शोरूममध्ये फोन केला तर तिथला पोरगा म्हणाला, "अख्खी बदलावी लागेल, मॅडम. रिपेअर होत नाही." मग त्याने किंमत सांगितली. तिने फोनकडे असं पाहिलं, जणू त्यानेच शिवी दिली.

"एवढ्याशा पुठ्ठ्याला? त्यात काय हिरे भरलेत?"

शेजारी वायरमनकाका राहायचे. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी चिकटपट्टी आणून झडप वर छताला चिकटवून टाकली. "बघा, आता हलते का!" दुपारी गाडी उन्हात उभी राहिली, पट्टीचा गोंद पाघळला, आणि बाबा आत बसायला गेले तर ती चिकट पट्टी त्यांच्या होत्या नव्हत्या त्या केसांत अडकली. काका त्यानंतर आठवडाभर मागच्या दाराने ये-जा करत होते.

मग लेकीने ठरवलं, आपणच बघू. तिला लहानपणापासून एक खोड होती. हाती येईल ती वस्तू उघडून आत काय आहे ते बघायची. उशी, छत्री, बोलकी बाहुली, आईचा चांगला चालणारा रेडिओ. बाबा तिला उसवाबाई म्हणायचे. पुढे त्या खोडीवरच तिचं पोट चाललं, तरी नाव काही सुटलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी उसवाबाई गाडीत जाऊन बसली. आधी नीट बघायचं, मग हात लावायचा, ही दुकानातली शिस्त. झडप वर ढकलली. बाहेरच्या बाजूला ती एका दांड्यावर फिरत होती, आतल्या बाजूचं टोक आरशाजवळच्या आकड्यात अडकत होतं. अडकवलं, टक्‌ आवाज झाला, झडप वर राहिली. तिने दार आपटलं. राहिली. छतावर बुक्क्या मारल्या. राहिली. गाडी काढून गल्लीतल्या सगळ्या गतिरोधकांवरून मुद्दाम दणादण नेली. पाठीचे टाके ढिले झाले, झडप मात्र वरच.

"बाबा, ही पडत नाहीये!"

"मी चालवताना पडते."

"आता तुमच्या गाडीला माणसं कळायला लागली?"

"उगाच वकिली करू नकोस. दुरुस्त करायचीय ना? कर की मग!"

बाबा असे फटकन बोलायचे नाहीत. ती जरा चमकली, पण मनात म्हणाली, असेल, बिचारे रोज घरी बसून वैतागलेत. तरी प्रश्न डोक्यातून जाईना. आकड्यात अडकवलेली वस्तू आपोआप खाली कशी येईल? ती आधी कुणीतरी सोडवायला नको?

स्क्रू काढले आणि झडप स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली. शेजारच्या सीटवरचीही काढली, म्हणजे चांगली कशी असते ते समोर राहील. आता खरी मजा होती. ब्लेडने कडेची शिवण सोडवली. आत होता दाबलेला फोम, तारेची एक चौकट, आणि दांड्याला घट्ट मिठी मारून बसणारी पोलादी चिमटी. एवढाच सगळा कारभार. ती चिमटी ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसते ती खोबण तडकली होती. त्यामुळे मिठी सैल, आणि मिठी सैल म्हणून झडप मधे कुठे थांबायला तयार नाही. एक तर वर आकड्यात, नाहीतर थेट नाकासमोर लोंबणार.

"सापडलं!" ती एकटीच ओरडली. भिंगरी खेळता खेळता धावत आली, आत बघितलं, "शी, नुसता स्पंजच," म्हणाली आणि निघून गेली.

बॅग दुरुस्तीला आली की उसवाबाई आधी ती कुठे झिजली आहे ते बघायची. कुठला खांदा, कुठला हात, माणूस बॅग फेकतो की ठेवतो, सगळं कापडावर उमटलेलं असतं. तशीच सवयीने तिने झडप उलटी केली, आणि खालच्या कडेला तिला एक काळपट, तेलकट डाग दिसला. अंगठ्याएवढा. मागच्या बाजूला बोटांचे डाग. दुसऱ्या झडपेवर काहीच नाही, कोरी करकरीत. तिने दांडा उजेडात धरला. तो एकाच जागी घासून चकचकीत झाला होता. झडप अर्धी खाली असेल तेव्हा चिमटी जिथे येते, बरोबर तिथे.

म्हणजे हा माणूस एका हाताने झडप अर्ध्यावर धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवत होता. रोज. का बरं? शाळेत जाताना ऊन डाव्या बाजूला, येताना उजव्या. समोरून ऊन येतंच कुठे?

तिला काही उलगडेना. पण हातातलं काम सोडून कोड्यांच्या मागे लागेल ती उसवाबाई कसली. वायरमनकाकांकडून वायरवर चढवायची ती नळी आणली, गरम हवा दिली की आक्रसून घट्ट बसते ती. लपूनछपून वावरणारे काका एकदम खूश. नळीचा तुकडा दांड्यावर चढवला, केस वाळवायच्या मशीनने गरम केला. तडकलेल्या खोबणीत गोंद भरला आणि वरून वायर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या करकचून आवळल्या. गोंद वाळल्यावर बाकदार सुईने कड पुन्हा शिवली. टाके इतके बारीक की शोरूमवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत.

संध्याकाळी झडप गाडीत बसली. वर ठेवा, वर राहते. अर्ध्यावर ठेवा, अर्ध्यावर राहते. बाबांनी ती वर-खाली, वर-खाली करून बघितली. लहान मुलाला नवं खेळणं मिळावं तसा चेहरा झाला त्यांचा.

"उसवाबाई, जिंकलंस!" म्हणाले. "उद्यापासून भिंगरीला आणू ना?"

"आणा," ती म्हणाली. तिलाही हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. दुकानात दुपारी वीज गेली, मालकाने सगळ्यांना लवकर सोडलं. ती घराच्या फाटकाशी पोचली तेव्हा बाबा गाडीत बसून निघायच्या तयारीत होते. त्यांनी पट्टा लावला, आरसा नीट केला, आणि झडप अर्ध्यावर ओढून घेतली.

ऊन नावाला नव्हतं.

तिने शेजारचं दार उघडलं आणि आत बसली. "मीपण येते." मग हात लांब करून झडप वर ढकलली. बाबांनी ती पुन्हा खाली घेतली. तिने पुन्हा वर केली.

"काय पोरखेळ आहे हा?" बाबा म्हणाले.

"बाबा, ऊन कुठाय?"

"उजेड तर आहे ना."

"आहे की. मग?"

बाबांचे हात स्टिअरिंगवर तसेच. मग हळूच म्हणाले, "उजेड आला की सगळं पांढरं पडतं गं. समोर कुणी पिठाची चाळण झाडत असल्यासारखं. झडप खाली घेतली की जरा बरं दिसतं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष. तुझ्या आईच्या आजारपणातच जाणवायला लागलं होतं. म्हटलं, तिचं आधी बघू. मग ती गेली. मग म्हटलं, डॉक्टरकडे गेलो तर तो गाडी बंद करायला सांगणार. गाडी बंद म्हणजे पोर बंद. नाही गेलो."

 काल केवढ्या हौसेने शिवलं होतं सगळं! आंधळेपणाने गाडी चालवायची सोय करून दिली होती तिने, तीही बारीक टाक्यांची.

"आणि सिग्नल? सिग्नल दिसतो?"

बाबांनी मान खाली घातली. "भिंगरी सांगते."

"काय?"

"खेळ आहे आमचा. ती रंग सांगते, मी गाडी चालवतो. फार हुशार आहे गं, पटकन सांगते."

  तिने हात पुढे केला, बाबांनी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. एवढं निमूटपणे ठेवली की तिलाच रडू आलं. "चला, चालत जाऊ," ती म्हणाली.  वाटेत फुटपाथची कड आली की बाबा पायाने चाचपून बघत होते. इतके दिवस आपण हे बघितलं कसं नाही, याचा तिला भयंकर राग येत होता, बाबांचा आणि स्वतःचाही.

शाळा सुटली. भिंगरी धावत आली, आजोबांच्या पायांना बिलगली आणि मग इकडेतिकडे बघायला लागली.

"गाडी कुठाय?"

"आज चालत," आई म्हणाली.

"झडप परत पडली?"

"नाही, ती नीट झालीय. आजोबांचे डोळे दाखवायचेत डॉक्टरांना. ते बरे होईपर्यंत गाडी बंद."

भिंगरीचा चेहरा पडला. तिने आजोबांकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"माझ्यामुळे बंद?"

"तुझ्यामुळे कशाला गं?"

"त्या दिवशी मी चुकले होते," भिंगरी म्हणाली. "मी खिडकीतून कुत्रा बघत होते. आजोबांनी रंग विचारला आणि मी न बघताच हिरवा म्हटलं. लाल होता. मग तो ट्रक आला. आजोबा म्हणाले, घरी झडप पडली म्हणून सांगू, तुला कुणी रागावणार नाही. झडप नव्हती पडली, आई."

शाळेच्या फाटकाशी पोरांचा नुसता गलका चालला होता. उसवाबाईने लेकीला उचलून घेतलं, एवढी मोठी घोडी झाली होती तरी उचललं, आणि घट्ट धरून ठेवलं. एवढंसं पोर, आणि एवढं ओझं पोटात ठेवून रोज शाळेत येत होतं.

"तू नाही चुकलीस, राजा. अजिबात नाही."

बाबा जवळ आले. त्यांनी चाचपत नातीचं कपाळ शोधलं, टेंगूळ आलं होतं त्या जागेवर हात ठेवला.

"माझी चूक होती, भिंगरे. रंग बघायचं काम मोठ्या माणसाचं. मी तुझ्यावर टाकलं." मग लेकीकडे वळून म्हणाले, "डॉक्टरचा दवाखाना आता उघडा असेल ना? आत्ताच जाऊ. उद्यावर गेलं तर मी पुन्हा काहीतरी सबब काढीन."