तारेवरची ओली गोधडी

मित्रांनो, मी एक जुना अँटेना ट्यूनर आहे. नावावर जाऊ नका; माझं अंग म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. नागापूरच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या मोहियोद्दीनभाईंनी पाइपाच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळून त्यात बसवली, भंगारातल्या रेडिओंचे दोन कंडेन्सर जोडले आणि पुढे फिरवायला बटणं लावली.

हौशी रेडिओवाल्यांच्या घरात माझं काम सोयरीक जुळवणाऱ्याचं. बोलायचा सेट एका स्वभावाचा, गच्चीवरची लांब तार दुसऱ्या स्वभावाची. दोघांचं जुळलं नाही, तर आवाजाची ताकद तारेतून बाहेर न पडता मागे फिरते आणि सेट तापतो. जाणकार याला इम्पीडन्स जुळवणं म्हणतात. आधी माझी बटणं फिरवून मागे फिरणारी ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा खाली आणायचा आणि मगच बोलायचं, ही आमच्या घरची शिस्त.

दर रविवारी सकाळी कोल्हारच्या भीमराज मास्तरांशी गप्पा चालत. प्रवरेच्या पाण्यापासून नातवाच्या दातांपर्यंत. मला त्या फार आवडत. गेल्या वर्षी मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. जीभ अडखळू लागली, आणि लाजेपोटी ते कुणाशी बोलेनासेच झाले. इकडे भाईंनी सेटवर फडकं टाकलं. माझ्यावर धूळ बसली.

मग एक दिवस मास्तरांच्या मुलीचा, अश्विनीचा फोन आला. "काका, बाबा रविवारी सेटवर बसतो म्हनत्यात. पन पलीकडं तुमी असाल तरच."

रविवारी भाई अंघोळ करून बसले. तुटक आवाज आला, "मोयद्दीनभाई... हाय का?"

भाईंनी बोलायचं बटण दाबून माझी बटणं फिरवली. काटा उतरेना. पुन्हा फिरवली. सेट तापू लागला.

"ऐन वेळेला दगा दिला या डबड्यानं. उद्या भंगारात घालतो."

भंगाराची भीती मला वाटलीच. पण मास्तर उठून गेले, तर पुन्हा बसणार नाहीत, याची धास्ती जास्त होती.

"न्हाई का... कुनी?" बटण क्षणभर सोडताच पलीकडून आलं.

भाईंच्या बायको हमिदाभाभी रिकामी बादली घेऊन दारात आल्या. काट्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "अहो, वर तारेवर गोधडी वाळत घातलीय मी. इतके महिने रिकामीच हुती ना ती तार."

भाभी तारेला हात लावणार म्हणून भाईंनी बोलायचं बटण सोडलं. भाभी धावत वर गेल्या आणि ओलीचिंब गोधडी ओढून खांद्यावर घेऊन आल्या. आता माझं बटण जरासं फिरलं आणि काटा सरसर खाली आला. इतक्या आनंदानं मी कधीच सोयरीक जुळवली नव्हती.

"हाय, भीमराजभाऊ, हाय. सावकाश बोला. मला कुठं जायचं न्हाई."

खरखरीतून शब्द आले, "आवाज... लई साफ हाय तुमचा."

भाईंनी बाहीनं डोळे पुसले आणि त्याच बाहीनं माझी धूळही पुसली.

मित्रांनो, यंत्र असो वा माणूस, अडखळलं म्हणून लगेच मोडीत काढू नका. आधी गच्चीवर जाऊन या, तारेवर कसलं ओझं आहे ते बघा. आमच्याकडे आता कपड्यांसाठी वेगळी दोरी आहे. तरी रविवारी धुणं वर नेण्याआधी भाभी दारात थांबून विचारतात, "भीमराजभाऊंचं बोलून झालं का?"