गवराबाईच्या दारचा घोडा

मी भैरू पेंटर. पिंपरीच्या कारखान्यात पिंपांवर आकडे रंगवतो. आकड्यांना हातपाय नसतात म्हणून ही नोकरी टिकली आहे. त्याआधी गावात लग्नघरच्या भिंती रंगवायचो. आमच्याकडे लग्न ठरलं की दाराच्या दोन्ही अंगांना चुना देऊन त्यावर गेरूनं हत्ती-घोडे काढायचे आणि खाली नवरा-नवरीची नावं घालायची, ही रीत. माझे हत्ती लोकांना म्हशी वाटायचे. मी म्हणायचो, भिंतीलाच पोपडे आहेत. नाचता येईना, अंगण वाकडं.

पण माझं खरं नाव झालं ते चोपन्न साली, गवराबाईच्या मुरारीच्या लग्नात. हळदीच्या दिवशी सकाळी दाराशेजारी घोडा काढला, जेवून मांडवात आडवा झालो, उठलो तर जो तो तोंडावर पदर नाहीतर टोपी धरून हसतोय. घोड्याला पाच पाय. मला पाचवा काढल्याचं काही आठवेना. पण माझा हात मला माहीत होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा संशयच आला नाही. पुसायला निघालो तर मुरारीच म्हणाला, "असू दे, भैरूदादा. लांबचा पल्ला हाय त्याला." तेव्हापासून चाकणच्या बाजारातसुद्धा लोक मला पाचपाया म्हणायला लागले.

गेल्या श्रावणात इंद्रायणी चढली आणि आमची खालची आळी एका दुपारी विरघळली. मातीचीच घरं ती. मुरारी बैल सोडायला माघारी गेला. बैल वर आले, मुरारी आला नाही. मागं गवराबाई आणि सून, दोघीच उरल्या. आणि मी काय केलं? दुःख झालंच, पण मनात कुठंतरी म्हणालो, चला, तो पाचवा पाय एकदाचा वाहून गेला. असा मी नालायक माणूस.

वस्ती माळावर पत्र्याखाली आली. मारुतीचं देऊळ नवं बांधलं, तेव्हा गावचे वडीलधारे तात्याबा म्हणाले, "भैरू, या भिंतीवर आपली खालची आळी काढ. घर न् घर. आपण कुठले, ते पुढल्यांना कळाय पायजे." इकडं कुरुळीपर्यंत दुसरा पेंटर नव्हता, म्हणून हा मान माझ्याकडे आला.

सुट्टीचे आठ रविवार घातले. त्यातले दोन एकट्या गवराबाईच्या घरावर. घोडा असा काढला की काय सांगू! चार पाय, आणि चारी जमिनीला टेकलेले. पाचपाया हे नाव पुसायची संधी परत थोडीच मिळणार होती?

भिंत पुरी झाली तशी माणसं आपापली घरं बघून डोळे पुसू लागली. गवराबाई घोड्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "हे माझं घर न्हाई."

"मावशी, नीट बघ. हा उंबरा, ही तुळस, ही नावं."

"माझ्या घोड्याला पाच पाय हायेत."

मागं कुणीतरी खुसखुसलं. माझं डोकं फिरलं. "माझी चूक जन्मभर मिरवायची का मी? देवळाची भिंत हाय ही."

"तुझी न्हाईच ती," गवराबाई म्हणाली. "तू मांडवात घोरत व्हतास. मुरारीनं काढला तो पाय. हळदीच्या अंगानं, तुझाच कुंचला घिऊन. मला म्हनला, आये, भैरूदादाला सांगू नगं. मग सारं गाव तुला हसाय लागलं, तवा त्याला तोंड उघडायची लाज वाटाय लागली. सांगतो, सांगतो म्हनायचा. त्याच्या हातचं दुसरं काय न्हाई रं माझ्यापाशी."

आता कुणी हसलं नाही. मला आधी राग आला. गेलेल्या पोराचा राग, पाच वर्षं माझी फजिती केली म्हणून. आणि त्याच दमात रडूही आलं. तात्याबा हळूच म्हणाले, "काढ बाबा."

गेरू कालवला, पाय काढला. गवराबाईनं मान हलवली. "त्याचा आत वळल्याला व्हता." चुना फिरवून पुन्हा काढला. "खूर मोठा व्हता." तिसऱ्यांदा काढला, तोही चुकला. सगळा जन्म वाकडे पाय काढण्यात गेला आणि त्या दिवशी एक वाकडा पाय जमेना. दरवेळी तो माझाच व्हायचा.

शेवटी कुंचला तिच्या हातात दिला.

"मला कुटं येतंय?" ती म्हणाली.

"त्याला तरी कुटं येत व्हतं, मावशी?"

तिनं डावा हात भिंतीला टेकला आणि उजव्यानं पाय ओढला. रेघ थरथरली, आत वळली, खूर पार उंबऱ्यावर गेला. ती बघत राहिली. मग गेरूच्या हातानंच तोंड झाकून मटकन खाली बसली आणि रडली. मुरारी गेल्यापासून तिला रडताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.