वन्सं, गळ्यात हात टाका

"लांबून उचल," नणंद म्हणाली. "अंगाला अंग लावू नकोस."

"लांबून बादली उचलतात वन्सं, माणूस नाही."

"मग नको उचलूस. राहू दे इथंच पडलेली!"

अर्धांगवायूनं बाईची डावी बाजू पार गेली, पण जीभ? तिला धक्काही लागला नाही! मी इस्पितळात आया. परक्यांचं हगणं-मुतणं काढता काढता शिव्या पुष्कळ खाल्ल्या. पण घरच्या शिवीची चव वेगळी. तिला दुसरं कुणी नाही, म्हणून माझ्याकडे आणली. हौसेनं नव्हे.

नवरा गेला त्या दिवशी मी ड्यूटीवर होते आणि ही त्याच्या उशाशी. निरोप मिळताच धावत आले, तोवर सगळं संपलं होतं. दफनाच्या वेळी अख्ख्या मंडळीसमोर ही बया म्हणाली, "जगाची सेवा करत बसली, नवरा इकडे मेला. जाताना त्यानं हिचं नावसुद्धा घेतलं नाही." ते वाक्य तेव्हापासून काळजात रुतून बसलंय. एवढा संसार केला, आणि नावसुद्धा नाही?

काल चर्चचे पाळकसाहेब आले होते. म्हणाले, "ताई, आपण वैरी होतो तेव्हाच देवानं आपल्यावर प्रीती केली. आपण सुधारायची वाट नाही पाहिली त्यानं. आपणही एकमेकांवर तशीच करायची."

"देवाला कंबरदुखी नाही, साहेब," मी म्हटलं.

खाटेवरून नणंद फिस्सकन हसली आणि लगेच तोंड फिरवलं. आमचं दोघींचं एकमत झालं ते तेवढंच.

आज मात्र ती हट्टालाच पेटली. मीही चिडले. म्हटलं, होऊन जाऊ दे हिच्या मनासारखं! खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं होतं; लांब उभी राहिले आणि काखेत हात घालून खाटेवरून ओढलं. माणूस छातीशी धरल्याशिवाय उठत नाही, हे नव्या आयांना मीच शिकवते. व्हायचं तेच झालं. दोघी धाडकन फरशीवर.

"मारलंस! आधी भावाला, आता मला!"

"मारायचंच असतं तर उशा काय कमी आहेत घरात?" मी ओरडले. "मला तुम्ही आवडत नाही. जन्मात आवडणार नाही. तरी फरशीवर टाकून जाणार नाही. टाका हात गळ्यात!"

ती घाबरली होती. मग तिचा उजवा हात हळूच माझ्या मानेमागे आला. मी गुडघे वाकवले, ती वाळकी काया छातीशी घट्ट धरली, येशूचं नाव घेतलं आणि उठले. तिचं तोंड अगदी माझ्या कानाशी आलं.

"तुझंच नाव घेत होता," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटपर्यंत. 'आली का ती, आली का?' त्याचा हात माझ्या हातात, आणि मला एकदाही ताई म्हणाला नाही गं."

खोटं बोलली होती ही! एवढी वर्षं! द्यावी सोडून, असं खरंच मनात आलं. पण तिचा सगळा भार माझ्यावर होता, आणि तिच्या एकुलत्या चालत्या हातानं माझी मान गच्च धरली होती.

"धरून राहा," मी म्हटलं. "खुर्ची अजून लांब आहे."